फ्लूची लस घेऊन पावसाळा काढला : आम्हा तिघांचा अनुभव

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरात तिघांनी फ्लूची लस घेतली. मी सत्तरीला टेकलेली, आमचे हे पंचाहत्तरीचे आणि डायबेटिसचे, आणि माझी थोरली बहीण आक्का, अठ्ठ्याहत्तरची, दम्याची जुनी पेशंट. आता पावसाळा आणि दिवाळी उलटून थंडी पडलीय. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायका अजून विचारतात, "त्रास झाला का हो? घेऊ का नको?" उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्रास झाला, पण अंगावर काढण्याइतकाच. सुई टोचली ते कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी डाव्या दंडाला ठणका लागला, हात लावला की गरम लागायचं. रात्री अंग मोडून आलं, कसकस वाटली, त्या कुशीवर झोपता येईना. सकाळी भाकऱ्या थापायला बसले तर उजवा हात ठीक चालला, पण डाव्या हातानं परात धरवेना. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतली, भरपूर पाणी प्यायले, दुपारी झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोकळी. याला फ्लू झाला म्हणत नाहीत. आपल्याकडे टोचतात त्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यातून फ्लू होऊच शकत नाही. शरीर तयारीला लागलं की थोडी कणकण येते, एवढंच.

आक्काची तक्रार उलटी. तिला ना ताप, ना ठणका. चार दिवस रोज दंड चाचपून बघायची आणि म्हणायची, "मला काय बी झालं न्हाई. पाणीच टोचलंय त्यांनी." तिच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल वण आहेत, रुपयाएवढे. त्या काळी लस टोचल्यावर फोड येऊन खपली धरली तरच ती लागली असं समजत, नाहीतर परत टोचत. आक्काच्या पिढीच्या डोक्यात तेच बसलंय आणि त्यांचं चुकतंय असंही नाही, देवीच्या बाबतीत ते खरंच होतं. फ्लूच्या लशीला तो हिशेब लागू नाही. उलट वय वाढेल तसा ताप-ठणका कमी होतो, कारण शरीराचा प्रतिसादच मंदावतो. म्हणूनच काही देशांत पासष्टीच्या पुढच्यांना चौपट मात्रेची लस देतात. आम्हाला मिळाली ती नेहमीची, अर्ध्या मिलीची. त्रास झाला नाही म्हणजे लस फुकट गेली, असं कुणी मनात आणू नका.

यांचा अनुभव मात्र वाईट आला आणि तो मुद्दाम लिहिते. यांनी फुल शर्ट घातला होता. टोचणाऱ्यानं शर्ट काढायला सांगितलं नाही, वरची बटणं सोडून कॉलर खांद्यावरून खाली ओढली आणि उघडा पडला तिथंच टोचलं, म्हणजे जवळजवळ खांद्याच्या हाडाशी. दंडाचा ठणका दोन दिवसांत जातो, यांचा गेला नाही. पुढं कित्येक आठवडे शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ यायची, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की सुई वर लागली की सांध्याच्या आत सूज येते, आणि डायबेटिस असेल तर खांदा आखडायला वेळ लागत नाही. दोष लशीचा नव्हता, टोचण्याच्या जागेचा होता. व्यायाम करून करून आत्ता कुठं हात डोक्यावर जातोय. त्या दवाखान्यात मी जाऊन हे शांतपणे सांगितलं. ऐकून घेतलं, पुढं काही नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण एका माणसाचा खांदा धरला की गल्लीतले दहा जण लशीचं नाव टाकतात.

म्हणून जाताना सैल, अर्ध्या बाहीचं घाला. बायकांनी घट्ट बाहीचा ब्लाउज घालून जाऊ नये, बाही वर सरकतच नाही. खांद्याचं हाड हाताला लागतं, त्याच्याखाली दोन-तीन बोटं सोडून दंडाच्या मांसल भागात टोचायला सांगा. सांगायला लाजू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. बारीक सुई वापरतात आणि मग दोन मिनिटं चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसा. अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं असा जोराचा त्रास क्वचितच होतो, पण होतो तो बहुधा लगेच. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर लशीवर ढकलून घरी बसू नका, तो दुसराच ताप असू शकतो.

वेळेचं गणित सोपं आहे. आपल्याकडे फ्लू जोर धरतो तो पावसात, जुलै ते सप्टेंबर, आणि लस घेतल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून मे गाठायचा, मृगाच्या आत. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत काय असावं ते ठरवते. आम्ही आदल्या सप्टेंबरात ठरलेली, म्हणजे खोक्यावर 'सदर्न हेमिस्फिअर' (दक्षिण गोलार्ध) आणि चालू वर्ष छापलेली बघून घेतली. काही खोक्यांवर विषाणूचे चार प्रकार, काहींवर तीन लिहिलेले असतात. तीनची लस कमी प्रतीची नाही. चौथा प्रकार, बी यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठं सापडलेलाच नाही. लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली असावी, हेही विचारा.

आता फायदा झाला का? ऑगस्टमध्ये नातू शाळेतून ताप घेऊन आला, सून आडवी झाली. मला आठवडाभर सर्दी-खोकला झाला, ताप नाही. यांना काही झालं नाही. आक्काला श्रावणात दरवर्षी दवाखाना लागतो, यंदा घरीच वाफ आणि पंप यावर निभावलं. लशीमुळंच निभावलं असं मी म्हणणार नाही, एका पावसाळ्यावरून ते कळत नाही. चांगली जुळली त्या वर्षीही ही लस फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते. साधी सर्दी तर तिच्या आवाक्यातच नाही, तिचे विषाणू वेगळे. पण ज्यांना फ्लू होतो त्यांचाही तो छातीत उतरून ॲडमिट व्हायची वेळ कमी येते, आणि आक्कासारख्या दमेकऱ्याला एवढं पुष्कळ आहे.

खर्च माणशी दीड-दोन हजारांच्या घरात गेला. पेन्शनीत तिघांचा एकदम काढणं जड जातं, हे खरं. तरी ॲडमिट झाल्यावर पहिल्या दिवशी भरावं लागतं त्यापुढं काही नाही. न्यूमोनियाची लस वेगळी, ती दरवर्षी घ्यायची नसते. आक्काला ती आमच्या डॉक्टरांनी नंतर दिली.

पुढच्या मे महिन्यात आम्ही परत घेणार आहोत. यांना उजव्या दंडात देऊ म्हणतेय, जागा दुसरी आणि बंडी घालून. आक्का तयार आहे, पण या खेपेला थोडं तरी दुखू दे म्हणते.