लटकता नायक, सराव की खुरपं? गेमवरच्या ॲक्शन फिल्मची सुरुवात ठरवताना

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या गेमवरून ॲक्शन फिल्मची फक्त सुरुवात शूट करायची, तर हाताशी असतात तीन मिनिटं, एक कॅमेरा आणि कुणाच्या तरी मामाचं गोडाऊन. पोरं लगेच स्फोटाचे व्हिडिओ शोधायला बसतात. त्याआधी सुरुवात कुठल्या जातीची हवी ते ठरवा. माझ्या मते समोर तीन नमुने ठेवले तरी पुरे.

'अनचार्टेड' (२०२२) सुरू होतो तेव्हा टॉम हॉलंड उडत्या विमानाबाहेर लोंबकळणाऱ्या मालाला धरून असतो. जरा झटापट होते आणि गोष्ट पंधरा वर्षं मागे जाते. विमानाचा प्रसंग तिसऱ्या गेममधला (२०११), पण अशी गोष्टीच्या मधूनच सुरुवात करायची खोड दुसऱ्या गेमची (२००९). तिथे कड्यावरून लटकलेल्या रेल्वेच्या डब्यातून जखमी नायक नेट वर चढतो. पण खरं तर चढतो कोण? आपण. दांडा निसटला की घाम आपल्या अंगठ्याला फुटतो. थिएटरात आपले हात पॉपकॉर्नमध्ये असतात आणि हिरो पहिल्याच मिनिटाला मरत नसतो, हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. त्यात विमान आणायचं कुठून? मी हा नमुना बाद करतो.

'टूम रेडर'ची (२००१) चलाखी मला जास्त आवडते. लारा एका पुरातन दिसणाऱ्या दालनात यंत्रमानवाशी जिवाच्या आकांताने लढते आणि मग कळतं, हा तिच्याच वाड्यातला सराव होता. १९९६च्या पहिल्या गेममध्येही उड्या मारायला शिकायची जागा म्हणजे लाराचं घरच होतं. म्हणजे गेममधला सराव सिनेमात न्यायची वाट इथे सापडली. यंत्रमानवाच्या जागी कराटे क्लासमधला दादा चालेल, जागाही एकच लागते. अडचण एवढीच की 'हे सगळं खोटं होतं' म्हटल्यावर बघणारा खट्टू होतो. सरावात नायिकेची एखादी खोट दिसली (डावा खांदा उशिरा वळतो, असं काही) तरच पुढची भीती उरते.

आणि 'मॉर्टल कॉम्बॅट' (२०२१). सतराव्या शतकातला जपान, हान्झो हसाशीचं शांत घर. त्याची बायको कुनाईने बागेतली माती उकरतेय. आपल्याकडच्या खुरप्याचंच काम. हान्झो पाणी आणायला गेलेला असताना बर्फाने गोठवू शकणारा त्याचा वैरी बी-हान येतो, बायको आणि मुलगा गोठून मरतात. मग हान्झो तीच कुनाई उचलतो, तिला दोर बांधतो आणि फेकतो. १९९२च्या गेममध्ये स्कॉर्पियन (म्हणजे हाच हान्झो) दोराला बांधलेला भाला फेकून 'गेट ओव्हर हिअर' ओरडायचा, तो भाला कुठून आला हे इथे एक शब्द न बोलता कळतं. गेम न खेळलेल्या माझ्या आईलाही कळलं. या सुरुवातीनंतर तो सिनेमा घसरतो, पण तुम्हाला कुठे पुढचा सिनेमा करायचाय!

तीन मिनिटांसाठी मी हाच नमुना घेईन. दोन माणसं, एक परसदार, एक रोजच्या वापरातली वस्तू. दोस्तांपैकी कुणी खरंच चांगला लढणारा असेल तर मात्र लाराची वाट धरा. अंगात असलेली कला लपवू नये.

तयारी अशी करा. निवडलेल्या गेमची पहिली दहा मिनिटं वही घेऊन खेळा आणि तीन रकाने भरा: डोळ्यांना काय दिसलं, कानाला काय ऐकू आलं, हाताने काय केलं. तिसरा रकाना सिनेमात रिकामा पडतो, तो कशाने भरायचा यावरच सगळा वेळ घालवा. 'मॉर्टल कॉम्बॅट'ने तो एका वस्तूने भरला. मग निवडलेली सुरुवात एकदा आवाज बंद करून बघा आणि शॉट मोजा. गेममधलं संगीत थेट उचलू नका, अपलोड केल्यावर कॉपीराइटपायी आवाजच उडू शकतो.

बंदुकीचा सीन असेल तर आधी पोलीस चौकीत कळवा. आम्ही एकदा नदीपुलाखाली प्लास्टिकचं पिस्तूल घेऊन शूट करत होतो, वरून कुणीतरी फोन केला आणि पुढचे दोन तास चौकीतल्या बाकड्यावर गेले. खुरपं घेऊन उभे असतो, तर कुणी विचारलंही नसतं.