व्हॅनवरचा सोलर: ८ महिने वापरल्यानंतर

व्हॅनच्या टपावर २०० वॉटची दोन पॅनेल, आत २०० अँपियर-तासांची १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, मध्ये ३० अँपियरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य प्रकारे देणारा) आणि १००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करणारा). गेले ८ महिने फ्रिज, दिवे, पंखा, पाण्याचा पंप, लॅपटॉप, सगळं यावरच चालतंय. बाहेरच्या विजेला एकदाही हात लावला नाही.

घेण्याआधी पॅनेल कुठलं आणि बॅटरी कुठली यावर मी महिनाभर डोकं घातलं होतं. त्या दोघांनी काहीच त्रास दिला नाही. जे काही बिघडलं ते सगळं या दोघांच्या मधल्या वाटेवर. म्हणून तिथलंच जास्त लिहितो.

आधी उत्पन्नाचं सांगून टाकतो. पॅनेलवरचा वॉटचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. तापलेल्या टपावर पॅनेल सहज ६० अंशांच्या वर जातं आणि दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. शिवाय पॅनेल आडवी आहेत, सूर्याकडे कललेली नाहीत. त्यामुळे ४०० वॉटमधून मला ऐन दुपारी ३०० च्या आसपास मिळतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दीड युनिट जमा होतं, गच्च ढग असले की ३००-४०० वॉट-तास. पॅनेल आणि टप यांच्यात चार बोटं हवा खेळती ठेवली आहे, ती जागा सोडाच.

पहिला धडा बॅटरीच्या व्होल्टेजचा. सुरुवातीला मी फक्त व्होल्टमीटर बघून बॅटरी किती उरली याचा अंदाज बांधायचो. दोन दिवस काटा १३.२ वर स्थिर होता, मी निर्धास्त. तिसऱ्या रात्री बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, बॅटरीचा पुरवठा तोडला, फ्रिज बंद, सकाळी आतलं सगळं कोमट. या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही आणि शेवटी एकदम घसरतं. लेड-अ‍ॅसिडची सवय असलेल्याची इथे हमखास फसगत होते. मग निगेटिव्हवर शंट बसवला. बॅटरीत किती अँपियर-तास गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब तो ठेवतो.

शंटने पहिल्याच रात्री दुसरी गोष्ट उघड केली. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला, दिवे-पंखा बंद, आणि तरी डिस्प्लेवर १.५ अँपियर जात होते. एकेक फ्यूज काढत गेलो. इन्व्हर्टरचा काढला आणि आकडा शून्यावर आला. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं, तो नुसता चालू होता. दीड अँपियर म्हणजे साधारण २० वॉट, आणि २४ तासांचे ४८० वॉट-तास. माझा फ्रिज दिवसाला जवळपास तेवढंच खातो! म्हणजे पहिले दोन महिने मी एक अदृश्य फ्रिज पोसत होतो. आता लॅपटॉप आणि फोन थेट १२ व्होल्टवरून चार्ज होतात, इन्व्हर्टर गरजेपुरताच चालू करतो. पॅनेल वाढवायचा विचार चालला होता, त्याची गरजच उरली नाही.

चौथ्या महिन्यातला प्रसंग जास्त गंभीर. ९०० वॉटची किटली लावली होती. दोन मिनिटांत प्लॅस्टिक तापल्याचा वास आला. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या जाड वायरवरून हात फिरवत गेलो. वायर जेमतेम कोमट, पण टोकाच्या लगला (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीला) बोट टेकवेना. वरची हीट-श्रिंक नळी तपकिरी पडून चिरली होती. तो लग मी पक्कड आणि हातोडीने दाबून बसवला होता. दिसायला घट्ट होता, ओढूनही निघाला नव्हता.

१२ व्होल्टवर ९०० वॉट म्हणजे सुमारे ८० अँपियर. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून, क्षणभर लोड देऊन, लगच्या तोंडापासून वायरच्या तांब्यापर्यंत मोजलं तर ४०० मिलिव्होल्ट त्या जॉइंटमध्येच पडत, म्हणजे वाया जात होते. म्हणजे नखाएवढ्या जागेत ३२ वॉट उष्णता, एका सोल्डरिंग आयर्नइतकी. लग दाबून बसवायचं हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल मिळवून सगळे जाड लग नव्याने केले. आता त्याच लोडला १० मिलिव्होल्टसुद्धा पडत नाहीत. तुमचं काम कोणीही केलेलं असो, ही मोजणी एकदा कराच. महिन्यातून एकदा पानाही फिरवा, प्रवासाच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. माझे दोन सैल सापडले.

या प्रसंगात फ्यूज उडाला नाही आणि उडायलाही नको होता, कारण करंट ठरल्याएवढाच होता. फ्यूज वायरला शॉर्टपासून वाचवतो, खराब जॉइंटपासून नाही. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून हवा. आणि लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपियर सोडू शकते, म्हणून मुख्य फ्यूज क्लास टी प्रकारचा घ्या. घरातल्या विजेचा (एसी करंटचा) ब्रेकर इथे लावू नका. बॅटरीची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

सावलीचं थोडक्यात. टपावरच्या व्हेंटची सावली सकाळी एका पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची. तळहाताएवढीच, पण एकूण उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर यायचं. सेल एका माळेत असतात, एक अडला की पूर्ण माळ अडते. पॅनेल वीतभर सरकवलं आणि प्रश्न संपला. बोटीवर हे सरकवणं इतकं सोपं नाही. मित्राच्या बोटीवर डोलकाठीची सावली दिवसभर फिरते, म्हणून त्याने प्रत्येक पॅनेलला वेगळा कंट्रोलर दिला. खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं, त्यामुळे त्याच्या सगळ्या वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या आहेत. रानातल्या खोलीला पॅनेल हवं तसं कलवता येतं, उन्हात लांबही उभं करता येतं. पण वायर लांबली की २४ किंवा ४८ व्होल्टवर जा. व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच वायरमधला तोटा चौपट कमी होतो.

थंडीत एका सकाळी लख्ख ऊन असूनही चार्जिंग शून्य दिसलं. बॅटरी गाडीखालच्या पेटीत होती आणि शून्य अंशाच्या खाली गेली होती. अशा थंडीत चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. बीएमएसने चार्जिंग रोखलं म्हणून वाचली. हे संरक्षण सगळ्या बॅटऱ्यांत नसतं, घेताना विचारून घ्या. मी बॅटरी उचलून आत, पलंगाखाली आणली.

एक राहिलं. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलटं, पॅनेल आधी. मी कंट्रोलरच्या झाकणावर हे मार्करने लिहून ठेवलंय आणि पॅनेलच्या वायरवर एक डीसी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) बसवलाय, म्हणजे टपावर चढून कनेक्टर ओढायला लागत नाहीत.