पहिल्याच वर्षी मैदानात, की रांगेत? फोर्नेट आणि हेन्री

महिन्यापूर्वी भाच्याचा मेसेज आला. "मामा, एक कॉलेज म्हणतंय पहिल्या वर्षापासून खेळवू. दुसरं मोठं आहे, पण तिथे माझ्यापुढे तिघं आहेत. काय करू?" टेक्ससमधल्या एका शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये तो रनिंग बॅक आहे. शाळकरी खेळाडूंच्या याद्यांत त्याला कोणी पाच तारे, म्हणजे सर्वोच्च दर्जा, दिलेले नाहीत आणि दोन्ही कॉलेजं टीव्हीवर दिसणारी नाहीत. पण देशभर नाव झालेल्या पोरांपुढेही दर वर्षी हाच प्रश्न येतो. फोनवर दीड तास बोलणं झालं. तेच इथे लिहून काढतोय, कारण इथल्या आपल्या मंडळींची पोरं आता हेही खेळायला लागली आहेत आणि आईबापांना विचारायला घरात कोणी नसतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा जणांत घुसणारा गडी. कबड्डीतला चढाईपटूच म्हणा, फक्त इथे पकडणारे सव्वाशे-दीडशे किलोचे असतात आणि पळत येऊन धडकतात. अशा एका घुसण्याला कॅरी म्हणतात. किती यार्ड पळाला हे सगळे विचारतात. मी आधी कॅरी किती झाल्या ते बघतो, कारण मार तेवढ्या वेळा बसलेला असतो.

भाच्यापुढे मी दोन नावं ठेवली, लेनर्ड फोर्नेट आणि डेरिक हेन्री. वयात वर्षभराचं अंतर, दोघं कॉलेजांच्या एकाच लीगमधले, एसईसीतले, दोघांच्याही मागे कॉलेजचे प्रशिक्षक शाळेपासून लागलेले. वाटा मात्र उलट्या.

फोर्नेट न्यू ऑर्लिन्सचा. 2005 च्या कतरिना वादळात दहा वर्षांचा हा मुलगा घरच्यांबरोबर पुलावर अडकून पडला होता. 2014 साली शाळा संपवणाऱ्या मुलांच्या याद्यांमध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीनं त्याला देशात पहिला क्रमांक दिला. तो घराजवळच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूत गेला आणि पहिल्याच मोसमात खेळला. त्याचा पहिला सामना ह्यूस्टनला होता, विस्कॉन्सिनविरुद्ध, आणि मी स्टेडियममध्ये होतो. वरच्या मजल्यावरच्या माझ्या रांगेत जांभळे शर्ट घातलेली माणसं एकच आकडा शोधत होती, 7. तो मैदानात आला की अख्खी रांग उठायची आणि दोन यार्डांवर तो आडवा झाला की परत बसायची. त्या दिवशी 8 कॅरीत 18 यार्ड. सामना फिरवायला चौथ्या वर्षाचा केनी हिलियार्ड लागला. पुढच्याच आठवड्यात एका दुबळ्या टीमविरुद्ध टचडाउन केल्यावर (चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्यावर) फोर्नेटनं हाइजमन करंडकावरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या करंडकावरच्या, पुतळ्याची पोझ दिली, तीही दुसऱ्याच सामन्यात. प्रशिक्षक लेस माइल्स यांनी त्याला समज दिली. त्या वयात आपण तरी कुठे शहाणे होतो म्हणा!

वर्षअखेर मात्र त्याच्या नावावर 187 कॅरीत 1,034 यार्ड होते. एलएसयूत पहिल्या वर्षाच्या खेळाडूनं तोवर एवढं केलेलं नव्हतं.

हेन्री फ्लोरिडातल्या युली या छोट्या गावचा. शाळेच्या चार वर्षांत 12,124 यार्ड पळून त्यानं जवळपास साठ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तरी हा एवढा उंच पोरगा रनिंग बॅक म्हणून चालेल का, अशी शंका जाणकारांना होतीच. 2013 च्या जानेवारीत तो अलाबामात दाखल झाला आणि त्याच वसंतातल्या सरावात पाय मोडून बसला. रांगेत त्याच्यापुढे टी. जे. येल्डन होता. अख्ख्या पहिल्या मोसमात हेन्रीला 35 कॅरी मिळाल्या. शाळेत एवढ्या त्याच्या एका सामन्यात व्हायच्या. पण मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, ओक्लाहोमाविरुद्धच्या शुगर बोलमध्ये, त्यानं 8 कॅरीत 100 यार्ड काढले आणि वर एक छोटा पास झेलून 61 यार्ड पळाला. अलाबामा हरलं, पण रांगेत उभं कोण आहे ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या वर्षी येल्डनबरोबर वाटून घेऊन 990 यार्ड. तिसऱ्या वर्षी येल्डन व्यावसायिक झाला आणि मैदान हेन्रीचं झालं: 395 कॅरी, 2,219 यार्ड, 28 टचडाउन, हाइजमन करंडक आणि राष्ट्रीय विजेतेपद.

7 नोव्हेंबर 2015 ला दोघं अलाबामाच्या मैदानावर, टस्कलूसात, समोरासमोर आले. त्या दिवसापर्यंत हाइजमन फोर्नेटचाच, असं लोक धरून चालले होते. त्याला 19 कॅरीत 31 यार्ड मिळाले, हेन्रीला 38 कॅरीत 210 आणि तीन टचडाउन. तो सामना मी भाच्याला पुन्हा दाखवला, आणि चेंडूकडे न बघता पुढच्या फळीतल्या पाच जाड्या गड्यांकडे बघायला सांगितलं. एलएसयूची फळी दाबली जात होती. फोर्नेट चेंडू हातात घेतोय तोवर समोर भिंत उभी. हेन्रीला पहिला धक्का तीन-चार यार्ड पुढे जाऊन बसत होता. तेव्हा कॉलेज निवडणाऱ्यानं रनिंग बॅकच्या रांगेआधी या पाच जणांची चौकशी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

"लवकर खेळलास तर शरीर लवकर झिजेल" हे वाक्य भाच्याला तीन जणांनी ऐकवलं होतं. म्हणून आम्ही बेरीज केली. तीन वर्षांत फोर्नेटच्या कॅरी 616, हेन्रीच्या 602. मार जवळपास तेवढाच! फरक पडला वाटणीत. फोर्नेटचं भरातलं वर्ष दुसरं होतं, 2015: 300 कॅरी, 1,953 यार्ड. पण शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, कोणाला घेत नाही. म्हणजे भाव सगळ्यात चढा असताना त्याला माल विकता आला नाही. तिसऱ्या वर्षी घोटा दुखावला, तो सातच सामने खेळला. हेन्रीचं भरातलं वर्ष बरोबर तिसरं, दार उघडायच्या वेळेला आलेलं.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "मग हेन्रीच." थांब म्हटलं, पैशांचं बघ. 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, फोर्नेट चौथा गेला आणि त्याचा पहिला करार सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलरचा झाला. हाइजमन जिंकलेला हेन्री 2016 मध्ये 45 वा गेला. त्याचा करार साधारण 54 लाखांचा. व्यावसायिक टीमना त्याच्या उंचीची शंका होती, आणि एका मोसमातल्या 395 कॅरी पाहून पोटात गोळाही आला होता. म्हणजे रांगेत थांबल्याचं बक्षीस लगेच मिळालं असं अजिबात नाही. टेनेसीत तो पुन्हा दोन वर्षं डिमार्को मरीच्या मागे उभा राहिला. त्यानंतर 2020 मध्ये 2,027 यार्ड, आणि तिशीत, बॉल्टिमोरकडून, 1,921. फोर्नेटला त्याच्या पहिल्या टीमनं, जॅक्सनविलनं, 2020 मध्ये सोडून दिलं. त्याच मोसमाअखेर त्यानं टँपाकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. ज्या घराला पहिल्या कराराची खरोखर गरज आहे, त्या घरानं फोर्नेटची वाट चुकीची म्हणू नये.

आणखी दोन नावं थोडक्यात. मार्कस लॅटिमोर 2010 मध्ये साउथ कॅरोलिनात पहिल्याच वर्षी 249 कॅरी खेळला, 1,197 यार्ड पळाला. 2011 मध्ये डावा गुडघा गेला, 2012 मध्ये उजवा. एनएफएलचा एकही सामना न खेळता तो 2014 मध्ये निवृत्त झाला. हा लवकर खेळल्याचाच परिणाम, असं मी म्हणणार नाही. गुडघा कधीही जातो. पण गेलाच, तर पदवी आणि विमा कुठे आहे, हे आईबापांनी आधी विचारावं. दुसरा नाजी हॅरिस, 2017 चा मोठा मोहरा. अलाबामात पहिल्या वर्षी 61 कॅरी. तो कॉलेज सोडणार, अशा वावड्या उठत राहिल्या. तो चार वर्षं राहिला, शेवटच्या वर्षी 26 वेळा पळत टचडाउन केले आणि ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत 24 वा गेला.

आता नियमही बदललेत. तेव्हा कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, आता बसावं लागत नाही. 2021 पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू शकतात, 2025 पासून मोठी विद्यापीठं थेटही देतात. त्यामुळे थांबणं पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. पण याची दुसरी बाजू कोणी पोरांना सांगत नाही: तुम्ही दोन वर्षं इमानदारीत रांगेत उभे राहिलात, तरी तिसऱ्या वर्षी प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजातून तयार गडी आणून तुमच्यापुढे उभा करू शकतो. हेन्रीच्या वेळी रांग म्हणजे रांग होती.

म्हणून माझा कौल अर्ध्या मनाचा आहे. पुढची फळी चांगली असेल आणि पुढचे गडी वर्षभरात बाहेर पडणारे असतील, तर थांबावं. नुसत्या नावासाठी थांबू नये. आणि "पहिल्या वर्षापासून खेळवू" म्हणणाऱ्याला विचारावं, किती कॅरी? आठ की वीस?

शनिवारी भाचा मोठ्या कॉलेजात जाऊन आला. बहिणीनं तिथल्या इंजिनिअरिंगच्या लॅबचे फोटो पाठवले, त्यानं टीमच्या यादीचा. पुढच्या तिघांपैकी दोघं चौथ्या वर्षाला आहेत.