कीपॅड फोन, सात-आठ महिन्यांनंतर: बॅटरी निघते, हेच मोठं

हा फोन घेतला तो चिडून. आधीच्या स्मार्टफोनची बॅटरी फुगली आणि मागची काच एका कडेने उचलली गेली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: बॅटरी काढताना काच तडकली तर खर्च तुमचा, स्क्रीन गेली तर तीही तुमची, आणि फोन चार-पाच दिवस इथेच ठेवा. एकूण जो आकडा सांगितला, त्यात नवा ४जी कीपॅड फोन येत होता. तोच घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

अशा फोनची स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत. कॅमेरा नावापुरता, आवाज खणखणीत, कॉल लगेच लागतात. माझ्यासाठी मुद्दा एकच आहे. मागच्या खाचेत नख घातलं की झाकण निघतं आणि बॅटरी हातात येते.

ती नोकियाच्या जुन्या बीएल-५सी बॅटरीच्या मापाची निघाली तेव्हा मनापासून आनंद झाला. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मध्ये हीच होती. टॉर्चचा, धूळ न शिरणाऱ्या कीपॅडचा तो फोन जगभरात २५ कोटींच्या आसपास खपला. महागड्या ६६०० मध्येही हीच बॅटरी होती आणि एन७० मध्येही. नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, पण ही बॅटरी अजून मिळते. कितीतरी छोटे एफएम रेडिओ आणि स्पीकर आजही तिच्यावर चालतात.

१९८३ मध्ये बाजारात आलेला मोटोरोलाचा डायनाटॅक हा मोबाइल ३,९९५ डॉलरचा होता, आणि दहा तास चार्ज केल्यावर अर्धा तास बोलता यायचं. तिथून आजच्या लिथियम-आयन बॅटरीपर्यंत आलो, फोन हलके झाले. पण ही बॅटरी वापरा किंवा ठेवून द्या, ती उतरतेच. आतली रसायनं झिजतात, कधी वायू धरतो आणि ती फुगते. फोन बनवणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरीही २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये बॅटरी आत बंद झाली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत बहुतेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. पाणी शिरू नये म्हणून, असं सांगतात. मग २०१४ चा सॅमसंग गॅलॅक्सी एस५ आठवा. झाकण हाताने निघायचं, बॅटरी निघायची आणि तरी धूळ-पाणी आत शिरत नसल्याचं आयपी६७ मानांकन होतं! मऊ सेल डिंकाने चिकटवली की जागा वाचते, फोन पातळ होतो, हे मला समजतं. पण त्या पातळपणासाठी गिऱ्हाइकाने अख्खा फोन का टाकायचा?

सुरुवातीला मी भेटेल त्याला हा फोन घ्यायला सांगत होतो. आता जरा हात राखून सांगतो. सोबत आलेली बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरली. बाजारातून दुसरी आणली, तिच्यावर क्षमता १०२० एमएएच छापलेली, पण संध्याकाळपर्यंतही टिकेना. माप जितकं सर्रास, तितका नकली माल जास्त. मराठी मेसेजचं तर विचारूच नका, एक जोडाक्षर काढेपर्यंत फोन करून बोलणं होतं. पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणलेलं, साध्या फोनवर इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआय १२३पे आहे. ते चालतं, पण भाजीवाल्यापुढे रांग असताना मी सरळ रोख काढतो.

बॅटरीबद्दलचं मत मात्र नकली मालानेही बदललं नाही. २००७ मध्ये अस्सल बीएल-५सीतही दोष निघाला होता. मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेल्या ४.६ कोटी बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, अशी सूचना नोकियाने काढली आणि त्या मोफत बदलून द्यायची तयारी दाखवली. लोकांना फक्त झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर ताडून बघायचा होता. फोन कुणाकडे जमा करायला लागला नाही. आज इतक्या बॅटऱ्या आत चिकटवलेल्या असत्या तर काय झालं असतं?

युरोपीय संघाने नियम केलाय: काही सवलती सोडल्या तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडेही असा नियम हवाच.

तोवर कीपॅड फोन घेणार असाल तर दुकानातच झाकण उघडायला लावा. बीएल-५सीसारखं कुठेही मिळणारं माप असेल तरच पैसे द्या, कारण स्वतःचं वेगळंच माप ठेवणारे फोनही विकले जातात. आणि जादा बॅटरी घ्याल ती पक्क्या बिलावर घ्या, म्हणजे उतरली तर परत करता येईल.