फुगलेलं लॅमिनेट: सुकवावं, पट्ट्या बदलाव्यात की काढूनच टाकावं?

मुंबईत नव्या इमारतींमध्ये मास्टर बेडरूमच्या जमिनीला बऱ्याचदा बिल्डरच लॅमिनेटच्या पट्ट्या लावून देतो आणि जुन्या घरांतही मोझॅक झाकायला ते सर्रास टाकलं जातं. मग पावसाळा येतो. खिडकीच्या ट्रॅकमधून पाणी आत येतं, एसीचा ड्रेन पाइप तुंबतो, वॉशिंग मशीनचा पाइप निसटतो किंवा बाथरूमच्या उंबऱ्याखालून ओल सरकते. थोड्याच दिवसांत पट्ट्यांच्या कडा वर येतात, पायाला लागायला लागतात. आता काय करायचं, याची तीन उत्तरं आहेत आणि प्रत्येक उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

लॅमिनेटच्या पट्टीचा गाभा एचडीएफचा असतो, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिन घालून दाबून केलेला बोर्ड. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि कागदावर मेलामाइनचा पारदर्शक थर. वरून पाणी सहसा शिरत नाही, शिरतं ते सांध्यातून आणि खालून. दाबलेले तंतू एकदा पाणी पिऊन फुगले की सुकल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत. खऱ्या लाकडाची जमीन तासून पॉलिश करता येते. इथे तासायला गेलं तर छापील कागदच निघून जाईल. म्हणून ‘वर वजन ठेवा, बसेल’ या सल्ल्यावर वेळ घालवू नका.

कुठलाही पर्याय निवडण्याआधी

पाणी कुठून आलं आणि ते थांबलं का, हे आधी कळलं पाहिजे. माझं ठाम मत आहे की यातले बहुतेक पैसे वाया जातात ते हा प्रश्न न सुटल्यामुळे, चुकीची पट्टी निवडल्यामुळे नव्हे. एकदाच सांडलेलं पाणी आणि बाथरूमच्या सन्क स्लॅबमधून (पाइप बसवायला खाली घेतलेल्या स्लॅबमधून) रोज झिरपणारं पाणी यांचा इलाज एक असू शकत नाही. फुगवटा खिडकीशी आहे की बाथरूमच्या भिंतीशी, पाऊस नसतानाही वाढतोय का, हे बघा. बाथरूमचा संशय असेल तर आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा, फ्लोअरिंगवाल्याला नंतर.

खर्च कोणाचा, हेही इथेच ठरतं. पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येत असेल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नियमावलीप्रमाणे) ती गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, तेव्हा सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. घर नवं असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम 14(3) खाली बांधकामातला दोष तुम्ही कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. घराचा विमा असेल तर तोही काढून वाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत पाइप किंवा टाकी फुटून झालेलं नुकसान येतं. काहीही उखडण्याआधी फोटो मात्र काढून ठेवा.

नुसतं सुकवणं

पाणी स्वच्छ होतं, लगेच पुसलं आणि कडा अजून सपाट आहेत, तरच. भिंतीलगतचं स्कर्टिंग काढा, कडेची फट मोकळी करा, एक-दोन पट्ट्या उचला आणि त्यांच्याखाली अंथरलेला फोम बघा. फोम ओला असेल तर वरून पंखा लावून काही उपयोग नाही, कारण फोम आणि जुनी फरशी यांच्यामधलं पाणी उडून जायला वाटच नसते. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या उघड्या ठेवून खोली सुकत नाही, बाहेरची हवाच दमट असते. खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर चालवा किंवा डीह्युमिडिफायर भाड्याने आणा. पाणी ड्रेनेजचं असेल तर हा पर्याय सोडून द्या. फोमसकट सगळं बाहेर काढा.

खराब पट्ट्या तेवढ्या बदलणं

कागदावर हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. प्रत्यक्षात तो दोन गोष्टींवर अडतो: तशीच पट्टी मिळते का आणि खराब पट्टीपर्यंत पोचता येतं का.

जुन्या कामातला एखादा उरलेला बॉक्स माळ्यावर असेल तर नशीब. नसेल तर तोच डिझाइन कोड बाजारात बंद झालेला असतो आणि मिळाला तरी बॅच बदलल्यामुळे शेड जुळत नाही. शिवाय पट्ट्या एकमेकींत अडकवायचे क्लिक-लॉकचे खाचे कंपनीगणिक वेगळे असतात. त्यामुळे 8 मिमीची एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या 8 मिमी पट्टीत बसेलच असं नाही. दुकानात जाताना काढलेल्या पट्टीचा तुकडा पिशवीत घेऊन जा आणि नव्या पट्टीचं तोंड त्यात तिथेच अडकवून बघा.

पोचण्याचं म्हणाल तर सरळ पद्धत अशी: जवळच्या भिंतीपासून एकेक ओळ सोडवत यायचं, प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने नंबर टाकायचा, खराब पट्ट्या बदलून त्याच क्रमाने परत लावायचं. पण आपल्या खोल्यांमध्ये भिंतभर वॉर्डरोब कित्येकदा लॅमिनेटवरच उभं केलेलं असतं आणि त्याच्याखालून ओळ सुटत नाही. मग सुतार मधोमध कापून पट्टी काढतो, नव्या पट्टीची जीभ (खाचेत अडकणारी कड) छाटतो आणि गोंद लावून बसवतो. काम हातखंडा माणसाने केलं तर दिसायला छान होतं. पण तो सांधा बाकीच्यांइतका घट्ट कधीच नसतो आणि पुन्हा पाणी आलं तर सहसा आधी तिथेच शिरतं. दोन-चार पट्ट्यांसाठी ठीक, पाऊण खोलीसाठी नाही.

सगळं काढून नवं टाकणं

पुन्हा लॅमिनेटच हवं असेल तर ते फक्त त्या खोलीत टाकावं जिथे शेजारी बाथरूम नाही आणि खिडकी दक्षिण-पश्चिमेचा पाऊस खात नाही. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेल्या मालात सांधे काही तास पाणी अडवतात. गाभा तरीही एचडीएफच असतो.

मुंबईतल्या बेडरूमला मी एसपीसीच सुचवीन. दगडाची पूड आणि पीव्हीसी मिळून त्याचा गाभा बनतो, पाण्याने तो फुगत नाही. जाडी साधारण 4 ते 6 मिमी, तर लॅमिनेट फोमसकट 10-11 मिमी भरतं. त्यामुळे दाराखाली फट वाढते आणि हॉलच्या फरशीशी जोडणारी पट्टी (प्रोफाइल) बदलावी लागते. हे दुकानदार आपणहून सांगत नाही. खालची फरशी वरखाली असेल तर पातळ एसपीसीचे सांधे चालताना तुटतात, तेव्हा लेव्हल आधी करून घ्या. पण एसपीसीखाली ओल राहिली तर वर काही दिसत नाही आणि खोलीला कुबट वास मात्र येतो. गळती लपवायला ते वापरू नका.

बाथरूमची भिंत सामाईक असलेल्या खोलीत व्हिट्रिफाइड टाइल सगळ्यात निर्धास्त, ती पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त शोषत नाही. जुन्या फरशीवरच अॅडेसिव्हने बसवली तर जाडी जवळपास लॅमिनेटइतकीच येते, दारं कापावी लागत नाहीत. जुन्या इमारतीत मात्र वाढणाऱ्या वजनाबद्दल सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाइलवर टाइल लावू नका. फोडून लावायची तर सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, डेब्रिजची गाडी आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप, सगळं सांभाळावं लागतं.

घाई कशातच नको. काहीही बसवण्याआधी उघड्या फरशीवर दोन फुटांचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि चोवीस तासांनी उचला. आतल्या बाजूला थेंब धरले असतील किंवा सांधे काळपट झाले असतील तर खाली ओल आहे, काम पुढे ढकला. पावसाळ्यात फुगलं असेल तर खराब भाग आणि फोम काढून टाका, फरशीवर चटई टाकून ऑक्टोबरपर्यंत तसेच राहा आणि दिवाळीआधीच्या कोरड्या दिवसांत काम काढा. कारागिरांच्या तारखा मात्र गणपतीतच धरून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर कोणी मिळत नाही.