माची पेठेचा चढ, शिलाई मशीन आणि करंटचं मशीन: टेन्सचा दहा महिन्यांचा अनुभव

मी माची पेठेत राहते. सातारकरांना एवढं सांगितलं की पुढचं कळतं. अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती, घरातून निघताना उतार आणि येताना चढ. त्यात माझा धंदा शिलाईचा. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको, सगळं मिळून एकोणतीस वर्षं, आणि त्यातली बावीस पायमशीनवर. उजवा गुडघा आधी बोलायला लागला, डावा त्याच्यामागून दोन वर्षांनी. गेल्या दिवाळीच्या गर्दीत तर असं झालं की खणआळीतून अस्तर घेऊन येताना चढावर तीन ठिकाणी थांबावं लागलं. पिशवीत काय, चार मीटर अस्तर आणि दोऱ्याची रिळं. तेवढंही ओझं झालं.

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडांमधली फट कमी झालीय, झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही, आधी फिजिओथेरपी करा. तिथे गुडघ्याला पॅड लावून दहा वेळा हलका करंट घेतला. दर खेपेला तीनशे रुपये, शिवाय रिक्षा, शिवाय दुकान दोन तास बंद. बरं मात्र वाटायचं. म्हणून मीच फिजिओच्या मॅडमना विचारलं की हे घरी घेता येतं का. त्या म्हणाल्या, इथलं मोठं मशीन वेगळं, घरी वापरायचं छोटं येतं त्याला टेन्स म्हणतात. कागदावर लिहून दिलं आणि एक अट घातली: "मशीन लावाल त्या दिवशी व्यायाम करायचाच. व्यायाम नाही तर मशीन नाही."

ही अट मी आधी लिहितेय कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मशीन १,८५० रुपयांना मिळालं. मोबाइलपेक्षा थोडं जाड, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारं. वर दोन गोल बटणं, प्रत्येकातून एक वायर, प्रत्येक वायरीला दोन टोकं, म्हणजे एकूण चार पॅड. दुकानातून आले ते काळे रबरी पॅड. त्यांना जेल लावायची आणि पट्ट्यानं बांधायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईला जेलचा हात परवडत नाही, कापडाला डाग पडला तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही. आठवड्यात मी चिकटणारे पॅड आणले, पाच सेंटिमीटर चौरस, चारचं पाकीट २८० रुपये. ज्यांना घ्यायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून हेच घ्यावेत.

पहिलं पाकीट मी चार दिवसांत वाया घालवलं. आपल्याकडे गुडघा दुखला की आधी तेल चोळायचं ही सवय. मी सकाळी तेल लावायची, संध्याकाळी नुसतं फडक्यानं पुसून पॅड चिकटवायची. त्वचेत मुरलेलं तेल पॅडच्या चिकात गेलं आणि कडा सुटायला लागल्या. पॅड अर्धवट सुटला की करंट उरलेल्या जागेतूनच जातो, मग मुंग्या न येता सुई टोचल्यासारखं होतं. आता साबणानं गुडघा धुते, कोरडा करते, मगच पॅड. तेल रात्री झोपताना. बाम लावलेल्या जागी तर पॅड लावूच नये, कातडी भाजल्यासारखी लाल होते. काम झालं की पॅड परत त्यांच्या प्लास्टिकच्या कागदावर. चिक सुकायला लागला की बोटानं पाण्याचा एक थेंब फिरवते. असं जपलं की एक पाकीट पंचवीस-तीस वेळा चालतं.

पॅड कुठे लावायचे ते मॅडमनी एकदा दाखवलं, पण घरी आल्यावर विसरायला होतं. मी माझा शिवणाचा खडू घेतला आणि त्यांच्यासमोरच पॅडच्या कडेनं चार कोपऱ्यांना खुणा करून घेतल्या. घरी येऊन टेपनं मोजून मापाच्या वहीत उतरवलं: वाटीच्या वर दोन, खाली दोन, वाटीवर एकही नाही, दोन पॅडमध्ये किमान दीड इंच जागा. एका वायरीचे दोन पॅड तिरके, म्हणजे एक वर आतल्या बाजूला तर दुसरा खाली बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या वायरीचे त्याच्या उलट. दोन्ही वायरींची फुली बरोबर दुखणाऱ्या जागेवर पडते.

बटण शून्यावर असतानाच पॅड लावायचे आणि काढताना आधी मशीन बंद करायचं. एकदा वायर ओढली गेली, बटण फिरलं आणि असा झटका बसला की पाय आपोआप उडाला. इजा काही झाली नाही, पण त्या दिवसापासून मशीन मांडीवर न ठेवता शेजारच्या स्टुलावर ठेवते. शिवताना लावायचं नाही हे मॅडमनी बजावलं होतं. माझ्या शिलाई मशीनला आता मोटर आहे, झटक्यात हात सुईखाली गेला तर काय होईल हे मला कुणी सांगायला नको. गाडी चालवताना, अंघोळीला आणि झोपेतही नाही.

माझं सेटिंग शंभर हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला शंभर ठोके. वेगवेगळे कळत नाहीत, सलग झिणझिण्या येतात. बटण हळूहळू वाढवत न्यायचं, ठसठशीत जाणवलं पाहिजे पण दुखता कामा नये. मी पहिले पंधरा दिवस भीतीनं इतकं कमी ठेवायची की फक्त गुदगुल्या व्हायच्या, त्याचा उपयोग शून्य. दुसरं एक सेटिंग दोन ते चार हर्ट्झचं असतं, त्यात स्नायू टकटक उडतो. काहींना ते मानवतं, मला नाही. दहा-बारा मिनिटांत शरीराला सवय होते आणि मुंग्या विरल्यासारख्या वाटतात, तेव्हा बटण किंचित वाढवते. अर्धा तास झाला की बंद.

यानं दुखणं का कमी होतं, हे मॅडमनी सांगितलं ते मला पटलं. पोर गुडघ्यावर पडलं की आपण आधी ती जागा चोळतो. स्पर्शाची खबर नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान, दुखण्याची खबर नेणाऱ्या बारीक. पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार आहे, स्पर्शाची गर्दी झाली की ते दुखण्यासाठी निम्मंअर्धं मिटतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी ही कल्पना १९६५ साली मांडली. मशीन चोळण्याचंच काम करतं, न थकता. शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं असाही एक भाग आहे. पण या सगळ्यात गुडघ्याच्या आत काहीच बदलत नाही. झीज आहे तिथेच राहते.

म्हणूनच दुकानदाराचा मला राग आहे. मशीन देताना तो म्हणाला, "ताई, तीन महिने रोज लावा, झीज भरून येतीय." झीज अशी भरून येत नाही. दुखणाऱ्या माणसाला असं सांगणं वाईट आहे, कारण तो बाकीचं सगळं सोडून त्या डब्यावर विसंबतो. दोन महिन्यांनी वायर पिनेजवळ आतून तुटली तेव्हा हाच दुकानदार म्हणाला की वायर वॉरंटीत येत नाही. १८० रुपये घालून दुसरी आणली. आता ती रिकाम्या मोठ्या रिळाला सैल गुंडाळून ठेवते, पिनेजवळ मुडपत नाही. आठ महिने झाले, टिकली आहे.

त्याहून मोठी गोष्ट त्यानं विचारली नाही. शेजारच्या आजी एका संध्याकाळी आल्या. "अगं पोरी, तुझं ते करंटचं मशीन दे की रात्रीपुरतं, कंबर लई धरलीया." मी पिशवीत भरून हातात दिलं पण. माझी धाकटी कराडला फार्मसी शिकते, ती सुट्टीला आलेली होती. ती आतून धावत आली, "आई, थांब, आजींना पेसमेकर बसवलाय ना?" माझ्या हातापायातलं बळच गेलं. मशीनसोबतच्या कागदावर हे लिहिलेलं होतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात आणि सगळं इंग्रजीत. साताऱ्यात विकायच्या वस्तूवर मराठीत चार ओळी छापायला काय जातं? मी दुसऱ्या दिवशी मुलीकडून लिहून घेतलं आणि डब्याच्या झाकणावर चिकटवलं, तेच इथे देते. पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं यंत्र असेल तर लावायचं नाही. गरोदरपणी पोटावर, कंबरेवर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला कुणीच कधी लावायचं नाही. फिट येत असतील, कॅन्सर असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जखमेवर नाही. आणि शुगरमुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर जपून, कारण करंट किती झाला ते कळतच नाही आणि कातडी भाजते.

आता फरक किती पडला ते. मापाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी लावण्याआधी आणि नंतर दहापैकी आकडा लिहायची. पहिल्या महिन्यात बावीस वेळा लावलं. आधी सहा-सात, नंतर तीन-चार, असं बहुतेक दिवशी. तो आराम मशीन चालू असताना आणि पुढे तास-दीड तास, मग पुन्हा हळूहळू पहिल्यासारखं. पावसाळ्यात, आषाढात विशेषतः, काही दिवस सहाचे सहाच राहिले. रात्रभर आराम किंवा आठवडाभर आराम असं मला एकदाही मिळालं नाही.

मुलीनं मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती लपवणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१९ च्या सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नये असं ठामपणे म्हटलंय. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेनंही २०२२ मध्ये तेच सांगितलं, पुरेसा पुरावा नाही म्हणून. दोघांचंही म्हणणं व्यायाम आधी, वजन जास्त असेल तर ते उतरवणं आधी. वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. पैसे गेले का, मनाचाच खेळ आहे का? मुलगी म्हणाली की याची परीक्षा घेणंही अवघड, कारण मुंग्या येतात की नाही हे माणसाला लगेच कळतं, खोटं मशीन लावून फसवता येत नाही.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी सरळ विचारलं, "मशीननंतरच्या तासात तुम्ही काय करता?" मी सांगितलं: गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून दहा मोजेपर्यंत खाली दाबते, असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून उचलते. मग खुर्चीवरून हात न टेकता उठते, बसते. सुरुवातीला चार वेळा जमायचं, आता पंधरा. याआधी हेच व्यायाम मला दिलेले होते आणि दुखतंय म्हणून मी ते सोडले होते, दोनदा. दुखणं सातावर असताना मांडीचा स्नायू आवळायला मन धजतच नाही. तीनवर असलं की धजतं. माझ्यासाठी त्या १,८५० रुपयांचा अर्थ एवढाच आहे, आणि तो मला पुरेसा आहे. चार किलो वजनही उतरलंय. मॅडम सांगतात की एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

आता मी मशीन रोज लावत नाही. आठवड्यातून तीनदा, आणि मोठ्या ऑर्डरच्या दिवशी. व्यायाम रोज. खणआळीतून येताना मी हल्ली एकदाच थांबते, तेही निम्म्या चढावर ओळखीच्या बाईच्या ओट्यावर, आणि कधीकधी गुडघ्यासाठी नव्हे तर तिच्याशी बोलायला.

विकत घ्यायचंच असेल तर आधी फिजिओकडे दोन-तीन वेळा लावून बघा, तिथे फरक पडला नाही तर घरीही पडणार नाही. चिकटणारे पॅड आणि जादा वायर सहज मिळते का ते दुकानात आधी विचारा. बॅटरी माझ्या वापराला तीन आठवडे जाते. मुंग्या अचानक मंद वाटल्या तर बटण वाढवत बसण्याआधी ती बदला. मशीनला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्या दुकानाला एक.

नवरात्र आलंय, ब्लाऊजची रास पडलीय. लग्न होऊन आले तेव्हापासून किल्ल्यावरच्या मंगळाईला मी चालत जायची, गेली तीन वर्षं मुलगा गाडीवरून वर सोडतो. या वर्षीही गाडीनंच जाणार आहे. चढ कदाचित जमेल, पण उताराला गुडघा अजून धरतो.