कुलरची मोटर ‘जळली’ म्हणतात: रिवाइंडिंग करायचं की नवी बसवायची?

होळी झाली की विदर्भात माळ्यावरचे, गच्चीवरचे कुलर खाली उतरतात आणि जुन्या कुलरची खरेदी-विक्रीही सुरू होते. खोली करून राहणारी मुलं, बदली होऊन आलेली कुटुंबं पत्र्याचा जुना कुलर घेतात. टाकी शाबूत असते, तिन्ही बाजूंना नवं गवत भरलेलं असतं. घरी आणून बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणते, पंखा जागचा हलत नाही. मेकॅनिक येतो, वास घेतो, ‘मोटर जळली’ म्हणतो. मग रिवाइंडिंग (मोटरच्या आतलं तारेचं जुनं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, काढून नवं भरणं) की नवी मोटर, हा प्रश्न पडतो.

माझं म्हणणं असं की, या प्रश्नाला हात घालण्याआधी मोटर खरंच जळली आहे का ते स्वतः बघा. माझ्या धाकट्या भावासाठी घेतलेल्या कुलरची मोटर दोन जणांनी जळलेली ठरवली होती. दोष स्पीडच्या फिरत्या स्विचमध्ये निघाला. आतला एक कॉन्टॅक्ट काळा पडून तुटला होता आणि मोटरपर्यंत वीज पोचतच नव्हती.

प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. पातं हाताने फिरवा. जड फिरत असेल तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) सुकलाय किंवा गंजलाय. अशा मोटरला कितीही नवं वाइंडिंग केलं तरी ती पुन्हा तापणारच. पातं मोकळं फिरतंय, बटण दाबल्यावर मोटर गुणगुणते पण सुटत नाही, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. (दुकानात ‘कंडेन्सर’च मागा, कपॅसिटर म्हटलं तरी तोच मिळेल.) त्याच्यात चार्ज उरलेला असू शकतो, म्हणून तारा काढण्याआधी त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवा. मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड मोजता येत असतील तर वर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३ दाखवत असेल तर तो गेला. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्टेज ४४० लिहिलेलं असावं.

कंडेन्सर ठीक असेल तर तारांकडे वळा. जुन्या कुलरच्या तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका, कारण आधीच्या दोन-तीन मेकॅनिकांनी हाताला लागेल ती तार जोडलेली असते. आधी फोटो काढा, मग मोटरच्या तारा मोकळ्या करून ओहम मोजा. तीन तारांची मोटर असेल तर तीन जोड्या होतात. समजा रीडिंग ६०, ८५ आणि १४५ आली. १४५ ज्या दोन तारांत आली, त्या सोडून उरलेली तार कॉमन. कॉमनपासून ६० दाखवते ती रनिंग, ८५ दाखवते ती स्टार्टिंग. वीज कॉमन आणि रनिंगला द्यायची, कंडेन्सर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये. दोन्ही वाइंडिंग सारखी निघाली तर वीज कंडेन्सरच्या कोणत्या टोकाला देता त्यावर फक्त फिरण्याची दिशा ठरते. पण वाइंडिंग वेगवेगळी असतील तर दिशा बदलायला ही युक्ती करू नका. स्टार्टिंगच्या बारीक तारेवर सगळा भार येतो आणि चांगली मोटर खरोखर जळते.

पाच तारांच्या मोटरमध्ये वेगाच्या जादा तारा असतात. तिथे सगळ्या जोड्यांची रीडिंग कागदावर लिहून वाइंडिंगवाल्याकडे न्या. एखादी तार कुठल्याच तारेशी रीडिंग देत नसेल तर ती आतून तुटलीय, किंवा वाइंडिंगला बांधलेला थर्मल फ्यूज उडालाय. तितक्याच तापमानाचा नवा फ्यूज बसवता येतो. तो काढून तार सरळ जोडणारे मेकॅनिक भेटतात, त्यांना ते करू देऊ नका. मोटर अडकली तर आगीपासून वाचवणारी तीच एक गोष्ट आत असते.

सगळ्यात गंभीर तपासणी बॉडीची. प्रत्येक तार आणि मोटरची लोखंडी बॉडी यांच्यात मीटरने काहीच रीडिंग यायला नको. वाइंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असतो, त्यावर किमान १ मेगओहम तरी हवा. कमी आला तरी लगेच मोटर फेकू नका. पावसाळाभर गच्चीत पडलेल्या मोटरने ओल धरलेली असते. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस वाळवून परत मेगर लावा. माझ्या डोळ्यांदेखत अशा मोटरी सावरल्या आहेत.

एक मर्यादा लक्षात घ्या. वेटोळ्यातले काही फेरे आपसात चिकटले असतील तर मल्टिमीटरला ते कळत नाही. रीडिंग बरोबर, पण दहा मिनिटांत मोटर हात लावू देत नाही आणि वार्निश जळाल्याचा वास येतो, तर ती जळलेलीच समजा. इथून पुढे निवड करायची.

रिवाइंडिंग करावं, पण एकाच अटीवर: मोटर जुनी, वजनदार आणि मुळात तांब्याची हवी. तिचा सांगाडा आणि स्टॅम्पिंग (वेटोळं ज्यावर बसतं तो पातळ लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा) चांगलं असतं, शाफ्ट तुमच्या पात्यात आधीच बसलेला असतो आणि कुलरच्या कैचीची (मोटर धरणाऱ्या पट्ट्यांची) भोकं जुळवायची झंझट नसते. तार खरवडून बघा. खालून लालसर निघाली तर तांबं, पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते, म्हणून त्याच कामाला तार जाड लागते. शिवाय तिचे जोड नीट झाळता येत नाहीत आणि सैल होतात. अ‍ॅल्युमिनियमची मोटर पुन्हा अ‍ॅल्युमिनियमनेच भरून घेण्यात पैसे घालू नका.

वाइंडिंगवाल्याला तीन गोष्टी विचारा. जुने फेरे मोजून, गेज (तारेची जाडी) बघून तितकेच भरणार का? फेरे कमी भरले की मोटर जास्त करंट ओढते आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) बघायच्या आत परत येते. जुनं वाइंडिंग कापून काढणार की टॉर्चने जाळून? जाळल्याने स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर कायमची गरम चालते. वार्निश करून तापवून सुकवणार की नुसता ब्रश फिरवणार? कुलरमध्ये मोटर दिवसरात्र ओल्या हवेत असते, तिथे हे वार्निशच तिचं कवच. निघालेल्या जुन्या तांब्याचं वजन करून भंगारभावाने ते पैसे वजा करायला सांगा, चांगले कारागीर करतात.

नवी मोटर केव्हा? शाफ्ट झिजून हलत असेल, मूळ वाइंडिंग अ‍ॅल्युमिनियमचं असेल, किंवा रिवाइंडिंगचा खर्च नव्या तांब्याच्या मोटरच्या निम्म्यावर जात असेल तर. बिल आणि वॉरंटी मिळते, आणि त्याच दिवशी कुलर सुरू होतो. ४५ अंशांत घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर हे एकच कारण पुरे. मात्र घेताना घाई नको. शाफ्टची जाडी, लांबी आणि फिरण्याची दिशा जुळली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचा वेग. ९०० आरपीएमसाठी केलेलं मोठ्या वाकाचं पातं १४०० च्या मोटरवर चढवलं की मोटरवर झेपत नाही इतका भार येतो. जुनी मोटर पात्यासकट दुकानात न्या. डब्यावर ‘कॉपर’ छापलं आहे एवढ्यावर जाऊ नका, बिलावर लिहून घ्या.

एका वर्षासाठी खोली घेतलेल्या विद्यार्थ्याला मी नवी साधी तांब्याची मोटर सांगेन. पुढच्या वर्षी कुलर विकतानाही ती उपयोगी पडते. घरचा जुना, जाड पत्र्याचा कुलर आणि त्याची मूळची जड मोटर असेल तर मी रिवाइंडिंगच करून घेतो, ओळखीच्या माणसाकडून, होळीच्या आधी. मे महिन्यात त्याच्याकडे मोटरींचा ढीग असतो आणि फेरे मोजायला कुणाला वेळ नसतो.

दोन्हींपैकी काहीही केलं तरी जुन्या कुलरची दोन पिनांची वायर त्याच दिवशी काढून टाका. तीन पिनांची नवी घ्या आणि हिरवी तार पत्रा खरवडून बॉडीला नटबोल्टने पक्की आवळा. सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, आणि जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. कुलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. पाइप हातात घेण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या लहान मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवून ठेवा.